तिसरी रेघ

अर्जात छापलंय : लेखक हयात नसल्यास
सर्व वारसांच्या सह्या जोडाव्यात.
सर्व म्हणजे दोन.
दोघं अकरा वर्षं बोलत नाहीत.
शहर एकच, मध्ये मुठा आहे
आणि एका फ्लॅटचा दावा.

मी पंपांच्या कारखान्यात, स्टोअर्सला.
ग्रुपात प्रकाशयोजना माझी, चहा माझा,
कागदपत्रंही माझीच, कारण अक्षर बरं आहे.
नाटक : ‘किल्ली शेजारी आहे’, अंक दोन.
शुक्रवारी पाचला मुदत संपते
आणि तालमी महिनाभर चालू आहेत.
चुकलंच. आधी विचारायचं असतं.

हेरंब निफाडकर, पौड रोड, तिसरा मजला.
संहिता उघडली नाही, नुसती अंगठ्यानं दाबली,
पेरू पिकलाय का बघावं तशी.
“काटछाट?”
थोडी, मी म्हटलं, वेळेची अट असते.
“बाबांच्या नाटकातला एक ‘बरं का’सुद्धा
हलवायचा नाही. मानधन प्रयोगाला हजार.”
मग टोपण लावता लावता,
“तिच्याकडे जाल तेव्हा सांगा,
मी आधी सही केली.”

मृणालिनी केसकर, बिबवेवाडी.
भावाच्या सहीकडे बघत राहिल्या.
“अजून ‘नि’ची वेलांटी अशीच काढतो,
पतंगाच्या शेपटीसारखी.”
हजार खोडून पाचशे केले,
समासात लिहिलं : काटछाट चालेल, दुसरा अंक लांबतो.
आणि सही केली, त्याच्या सहीपासून
अनोळखी माणसाशेजारी बाकावर बसताना
सोडतो तेवढी जागा सोडून.

काम झालं होतं.
मी चपला घालत होतो तेव्हा म्हणाल्या,
“त्यातली शेजारीण आहे ना,
ती सगळी इंदू शेलारांची. त्या तालमीत बोलायच्या,
बाबा लिहून घ्यायचे. घरात हे नाव काढायचं नव्हतं.
धनकवडीत असतात. जायची गरज नाही हं,
कायद्यानं त्यांचा काही संबंध येत नाही.”

कायद्यानं माझाही
रात्री पावणेआठला धनकवडीशी
काही संबंध येत नव्हता.

दार उघडंच. मेथी निवडत होत्या.
हात पुसून अर्ज घेतला, लांब धरून
मोठ्यानं वाचला, समोर हाऊसफुल्ल असल्यासारखा :
“सदर नाटकाचे प्रयोग करण्यास आमची हरकत नाही.”
थांबल्या.
“हरकत नाही. चांगलं वाक्य आहे.
मी जन्मभर हेच म्हणत आले.”

मी दोन सह्यांखाली तिसरी रेघ मारली,
पट्टी नव्हती, बसच्या तिकिटाच्या कडेनं,
शेवटाला जराशी खाली उतरली.
त्यांनी रेघ पाहिली, पेन नाही घेतलं.
“शेजारीण कोण करतंय?”
पल्लवी, पॅकिंगमधली.
“तिला सांगा, शेवटी किल्ली देताना बोलायचं नाही.
पुस्तकात वाक्य आहे, ते त्यांनी छापताना घातलं.
मी नुसती मूठ उघडायचे.”
आणि मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली.

शुक्रवारी, चार पन्नास. खिडकीतला कारकून :
“ही रेघ कुणाची? जागा रिकामी ठेवायची नाही.
फुली मारा.”
मी मारली. शिक्का तिच्यावरच बसला.

प्रयोगात त्या जागी मी सगळे दिवे उतरवले,
एक ठेवला, पल्लवीच्या मुठीवर.
तिसऱ्या रांगेत हेरंबराव, मांडीवर छापील प्रत,
मोबाईलच्या उजेडात ओळीवर बोट.
बोट पुढे सरकेना.
इंदूबाईंना मी पास पाठवला होता,
खुर्ची शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली.

नंतर ते आत आले. मेकअप उतरवणं चाललं होतं.
“एक वाक्य गळलं.”
“गळलं,” मी म्हटलं,
आणि मानधनाचं पाकीट पुढे केलं.
त्यांनी तिथंच उघडून मोजलं.
पाचशे.
परत एकदा मोजलं,
आणि काही न बोलता खिशात ठेवलं.